हेल्मेटच्या आतलं लेबल आणि शोजम्पिंगचा पोशाख: माझा अनुभव

शोजम्पिंगच्या, म्हणजे घोड्यावर बसून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेच्या, पोशाखातलं जॅकेट, ब्रीचेस (घोडेस्वारीची घट्ट विजार), शर्ट, बूट हे सगळं एका दुपारी जमवता येतं. घोडं अडतं ते हेल्मेटपाशी. तेही डोक्यावर नीट बसतंय की नाही यावरून नव्हे, आतल्या लेबलवरून. स्पर्धेआधी हेल्मेट तपासतात त्या टेबलावर माझा पाऊण तास या लेबलापायी गेला आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही, कारण माहितीपत्रकात एकच ओळ होती: "मान्यताप्राप्त हेल्मेट आवश्यक." मान्यता कोणाची, कोणत्या वर्षाची, आणि हेल्मेटवर ती कुठे दिसायला हवी, याबद्दल चकार शब्द नाही. म्हणून हेल्मेटचंच आधी सांगते. बाकीचं ओघात येईल.

तपासणी होते ती अशी. स्ट्युअर्ड, म्हणजे स्पर्धेवर देखरेख ठेवणारे अधिकारी, हेल्मेट उलटं धरतात आणि आत मानकाचा, म्हणजे ज्या सुरक्षा-कसोटीवर ते उतरलं तिचा, क्रमांक शोधतात. क्रमांकाच्या पुढचं वर्ष बघतात. मग दर्जा-चिन्ह असेल तर ते, आणि शेवटी हेल्मेट घालून पट्टा लावून दाखवायला सांगतात. काही ठिकाणी पास झालेल्या हेल्मेटला रंगीत टॅग किंवा स्टिकर लावतात. पुढच्या वेळी तो टॅग बघूनच सोडतात, त्यामुळे मिळाला तर तो काढून टाकू नका.

गोम आहे ती वर्षात. युरोपच्या मानकाचा क्रमांक ईएन १३८४. हे जुनं मानक २०१४ मध्ये मागे घेतलं गेलं, मधल्या काळासाठी व्हीजी१ नावाचं मानक आलं, आणि २०१७ मध्ये ईएन १३८४ सुधारून पुन्हा आणलं. म्हणजे आकडा तोच, वर्ष वेगळं. लेबलवर नुसतं "ईएन १३८४" किंवा त्यापुढे २०१२ असेल तर ते हेल्मेट बहुतेक ठिकाणी परत हातात येतं. पुढे २०१७ किंवा त्यानंतरचं वर्ष असेल तर चालतं. दोन्ही हेल्मेटं बाहेरून हुबेहूब सारखी दिसू शकतात, आणि विकणारालाही पुष्कळदा हा फरक माहीत नसतो. नुसतं "सीई" हे चिन्ह पाहून समाधान मानू नका. ते चिन्ह म्हणजे मानक नव्हे आणि तपासणीत तेवढ्यावर भागत नाही.

युरोपच्या मानकाखेरीज ब्रिटनचं पीएएस ०१५, अमेरिकेचं एएसटीएम एफ११६३, स्नेल या अमेरिकी संस्थेचं ई२०१६ आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं ३८३८ ही नावं याद्यांमध्ये नेहमी दिसतात. पण प्रत्येकापुढे "अमुक वर्षापासूनचं" अशी अट असते, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे एफईआयची यादी आणि देशोदेशीच्या महासंघांच्या याद्या यांत फरक पडतो. तुम्ही ज्या स्पर्धेला उतरणार तिला कुठली यादी लागू आहे हे प्रवेशिका भरतानाच लेखी विचारून घ्या. तोंडी "चालेल हो" याला टेबलावर काही किंमत नसते. नवीन घ्यायचंच असेल तर एकाहून अधिक मानकांची लेबलं असलेलं हेल्मेट घ्या. अशी सहज मिळतात, आणि एखाद्या यादीतून एक मानक गळलं तरी दुसऱ्यावर निभावतं.

दुसरी अडचण लेबल पुसलं जाण्याची. लेबल बहुतेकदा मागच्या बाजूला अस्तराखाली चिकटवलेलं असतं किंवा हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेलं असतं. या दोन्ही जागा घामाने भिजणाऱ्या. दोन-तीन मोसमांत छपाई फिकट होते आणि वर्षाचा शेवटचा आकडा हमखास आधी जातो. माझ्या लेबलवर "२०१" एवढंच उरलं होतं. हेल्मेट चांगल्या स्थितीत होतं, मानकही चालणारं होतं, पण जे वाचता येत नाही ते मान्य करता येत नाही, असं उत्तर मिळालं. नियम म्हणून मला ते पटतं. पटत नाही ते हे, की वाचता येणारं लेबल लागतं ही गोष्ट आधी कुठेच लिहिलेली नव्हती.

यावर उपाय एकच, आणि तो पहिल्याच दिवशी करायचा. हेल्मेट घरी आलं की अस्तर काढा, लेबलचा उजेडात जवळून फोटो घ्या, सोबतचं माहितीपत्रक आणि खोक्यावरची पट्टी जपून ठेवा. फोटो सगळीकडे चालतोच असं नाही, पण माहितीपत्रक आणि खोक्यावरच्या पट्टीसोबत दाखवला तर पुष्कळदा चालतो. अस्तर सुटं करून धुताना लेबलच्या जागी ओला बोळा घासू नका. लेबल पट्ट्याला शिवलेलं असेल तर पट्टा साबणाच्या पाण्यात बुडवू नका. ओल्या फडक्याने पुसला की पुरे.

आता खुद्द हेल्मेटच्या मापाविषयी. टेप भुवयांच्या साधारण दोन सेंटीमीटर वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवून घेर मोजायचा. पण घेर अर्धीच गोष्ट सांगतो. डोकी गोल असतात तशी लांबटही असतात. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट चढवलं की कपाळ आणि मागची बाजू दुखते आणि कानांच्या वर बोट जाईल एवढी फट राहते. गोल डोक्यावर लांबट चढवलं तर कानशिलं आवळतात आणि हेल्मेट पुढेमागे हलतं. दुकानात दोन मिनिटांत हे कळत नाही. वीस मिनिटं घालून बसा, मग काढून आरशात कपाळ बघा. एकाच जागी गडद लाल ठिपका उठला असेल तर ते हेल्मेट तुमचं नाही, मग आकडा जुळलेला का असेना. योग्य हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवी आणि सपाट राहते. पट्टा न लावता डोकं हलवलं तर कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे.

माप घेताना केस स्पर्धेच्या दिवशी बांधणार तसेच बांधलेले हवेत. मोकळ्या केसांवर घेतलेलं हेल्मेट आत अंबाडा कोंबला की वर उचललं जातं आणि घसरत कपाळावर येतं. अंबाडा मानेवर, हेल्मेटच्या कडेखाली घाला आणि जाळीत बसवा. पाठीवर नंबर लावायचा असेल तर वेणीने तो झाकला जात नाही ना, तेही बघा.

हनुवटीचा पट्टा कानांच्या खाली व्ही आकारात जुळतो, आणि हनुवटीखाली एक बोट शिरेल इतपत घट्ट हवा. हे किरकोळ वाटतं, पण नियमांतलं सगळ्यात कठोर कलम इथेच आहे. एफईआयच्या नियमांत राउंड चालू असताना हेल्मेट पडलं किंवा पट्टा सुटला तर थांबून हेल्मेट पुन्हा घालावं किंवा पट्टा पुन्हा लावावा लागतो. थांबल्याचा दंड नाही, पण घड्याळही थांबत नाही. पट्टा सुटलेल्या अवस्थेत अडथळा ओलांडला किंवा ओलांडायचा प्रयत्न केला तर स्पर्धेतून बाद. लगेच थांबणं धोक्याचं होतं अशी परिस्थिती असेल तेवढाच अपवाद. म्हणून रिंगणाच्या दारात शिरण्याआधी बकल बोटाने ओढून बघायची सवय लावून घ्या. घोड्यावर बसल्यापासून उतरेपर्यंत, वॉर्म-अपमध्ये आणि बक्षीस समारंभातही हेल्मेट डोक्यावरच.

आणि हेल्मेट एकदा आपटलं की गेलं. आतला फोम चेपून धक्का शोषतो आणि चेपलेला फोम परत फुगत नाही. बाहेर ओरखडा नसला तरी आत तो जिरलेला असतो. बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या हेल्मेटचाही भरवसा धरू नका.

बाकीच्या पोशाखात अडकण्यासारखं कमी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पांढऱ्या किंवा फिकट फॉन (बदामी) रंगाच्या ब्रीचेस, पांढऱ्या कॉलरचा शर्ट, पांढरा टाय किंवा चोकर (गळ्यालगतची पट्टी), जॅकेट आणि बूट. लांब बाह्यांचा शर्ट असेल तर कफही पांढरे. एक गोष्ट भलेभले विसरतात: कोर्स, म्हणजे रिंगणातला अडथळ्यांचा मार्ग, पायी बघायला जातानाही बूट, ब्रीचेस, शर्ट आणि टाय किंवा चोकर असावा लागतो. ट्रॅकपॅंटवर कोर्स बघून मग कपडे बदलू, असा बेत करू नका. फार ऊन असेल तर जॅकेट काढायची परवानगी जाहीर होऊ शकते. तेव्हा आतला शर्ट बाह्यांचाच हवा. बिनबाह्यांचा शर्ट जॅकेटखाली झाकलेला असेपर्यंतच चालतो.

जॅकेट आरशासमोर ताठ उभं राहून घेऊ नका. खुर्चीच्या कडेवर बसा, लगाम धरल्यासारखे हात पुढे न्या आणि अडथळ्यावर झुकता तसं झुका. पाठीवर शिवण ताणली किंवा बाही मनगटाच्या हाडावरून मागे सरकली तर एक माप मोठं बघा.

हवेने फुगणारी सुरक्षा-बनियन, म्हणजे एअर व्हेस्ट, वापरणार असाल तर जॅकेट घेतानाच तिचा हिशेब करा. ती जॅकेटच्या आत घालायची तर जॅकेट दाबाने आपोआप उघडणाऱ्या बटणांचं किंवा त्यासाठीच शिवलेलं हवं. घट्ट जॅकेटच्या आत व्हेस्ट फुगली तर बाहेर जायला जागा नसल्यामुळे छाती आवळली जाते. तिची दोरी खोगिराला अडकवायची ती घोड्यावर बसल्यावर, आणि सोडायची उतरण्याआधी. लांबी एवढी ठेवा की रिकिबीत उभं राहिलं तरी ती ताणणार नाही. एकदा फुगलेल्या व्हेस्टची गॅसची नळी बदलावी लागते, त्यामुळे त्याच मापाची एक जास्तीची जवळ असू द्या. नळी वापरलेली आहे का अशी शंका आली तर ती वजन करून बघा. भरलेल्या नळीचं वजन तिच्यावरच कोरलेलं असतं.

ब्रीचेसचा गुडघ्यावरचा सिलिकोन हा दुरुस्त न होणारा भाग. कपडे मऊ करणारं द्रावण आणि गरम इस्त्री या दोन गोष्टींनी तो सुटतो. पांढऱ्या ब्रीचेसखाली पांढरी अंतर्वस्त्रं उलट जास्त दिसतात, कातडीच्या रंगाची दिसत नाहीत. धुतलेली दुसरी जोडी पिशवीत हवीच, कारण पहिली वॉर्म-अपपूर्वीच मळते.

बुटांचं माप बसून घ्यायचं. गुडघा काटकोनात, पाय जमिनीवर सपाट, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजायचं. पोटरीचा घेर ब्रीचेस आणि मोजे घालूनच मोजा. नवे बूट गुडघ्यामागे थोडे टोचतील एवढे उंच हवेत, कारण घोट्यापाशी कातडं मोडलं की ते दोन-तीन सेंटीमीटर खाली बसतात. पहिल्याच दिवशी आरामात बसणारा बूट महिन्याभराने आखूड दिसतो. शोजम्पिंगसाठी घोट्यावर नाडी असलेले फील्ड बूट सोयीचे, कारण आखूड रिकिबीत घोटा जास्त वाकतो आणि नाडीने तिथे जागा मिळते. रिकीब तळव्यापेक्षा दोन्ही बाजूंनी साधारण एक-एक सेंटीमीटर रुंद असावी. नवे बूट जाड तळव्याचे असतील तर जुन्या रिकिबीत पाय अडकू शकतो. हे बूट घेतानाच तपासा, स्पर्धेच्या सकाळी नको.

रिंगणात आणि खांबांवरून किंवा अडथळ्यांवरून जाताना चाबूक ७५ सेंटीमीटरपेक्षा लांब चालत नाही, आणि अडथळ्यांपुरतं हे वॉर्म-अपलाही लागू आहे. ड्रेसाजचा (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकारातला) लांब चाबूक एफईआयच्या नियमांत अडथळ्यांविना सपाटीवर घोडा फिरवतानाच चालतो.

हेल्मेटबद्दल एक राहिलं. तपासणीचं टेबल बहुतेक ठिकाणी दिवसाच्या पहिल्या स्पर्धेच्या आधीच्या तासाभरात गजबजतं. आदल्या संध्याकाळी ते उघडं असेल तर तेव्हाच जा. लेबलवर काही आक्षेप निघाला तर दुसरं हेल्मेट मिळवायला रात्र हातात राहते. उसनं हेल्मेट मागायची वेळ आली, तर वरची वीस मिनिटांची आणि कपाळाच्या ठिपक्याची कसोटी त्यालाही लावा, आणि ते कधी पडलं होतं का, हे देणाऱ्याला स्पष्ट विचारा.