तुम्ही विचारलंत म्हणून: तिरका सायलेन्सर सरळ कसा बसवायचा?

‘चेतकला नवा सायलेन्सर आणलाय. सिलिंडरकडचं तोंड बसवलं की खालचा बोल्ट लागत नाही, बोल्ट लावला की तोंड निसटतं. मेकॅनिक म्हणतो पान्याने ओढून बसवू. बसवू का?’ ठाण्यात, वाशी-नेरुळकडे बजाजची जुनी टू-स्ट्रोक चेतक किंवा एलएमएलची स्कूटर जपणारे हा प्रश्न हमखास विचारतात.

ओढून बसवू नका. बोल्ट ओढला की सायलेन्सरला जोडलेली पट्टी इंजिनला टेकते आणि काम झाल्यासारखं वाटतं, पण तो ताण कुठे जात नाही, धातूत साठून राहतो. पुढे इंजिनाची थरथर आणि तापणं-निवणं सुरू झालं की तो तीनपैकी एका जागी बाहेर पडतो. पट्टीचं वेल्डिंग तडकतं, इंजिन केसिंगमधले ॲल्युमिनियमचे आटे उपसून येतात, नाहीतर सिलिंडरची धूर बाहेर सोडणारी नळीच चिरते. पहिलं स्वस्तात सुटतं. तिसऱ्यात सिलिंडर जातो, आणि चेतकचा चांगला 57 मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर आता शोधत फिरावा लागतो.

मुळात हे सायलेन्सर जुळत का नाहीत? या स्कूटरचा सायलेन्सर दोनच जागी धरलेला असतो. वर सिलिंडरच्या नळीवर सरकवून क्लॅम्प, आणि खाली इंजिनाच्या केसिंगला एक बोल्ट. दोनच जागा, त्यामुळे नळीच्या वाकात दोन अंशांची चूक असली तरी खालच्या पट्टीपर्यंत ती सेंटिमीटरभर होते. बाजारातला स्वस्त माल ज्या साच्यावर जोडतात तो झिजलेला असतो. शिवाय ‘चेतक, सुपर, प्रिया सगळ्याला चालतो’ असं सांगून बजाजच्या तिन्ही स्कूटरना एकच नग विकला जातो. सुपरचं चाक 8 इंची, चेतकचं 10 इंची, त्यामुळे टायरपासूनचं अंतरही सारखं राहत नाही.

नवा सायलेन्सर लावण्याआधी जुना नीट काढा. तो नळीवर कार्बनने चिकटलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी क्लॅम्प पूर्ण सैल करून डावी-उजवीकडे पिळत काढा. हातोडीने ठोकू नका, खालून टेकू देऊन उचकटूही नका. मागचं चाक काढलंत तर हात घालायला जागा मिळते, मात्र तेव्हा लाकडाचा ठोकळा चेसीखाली ठेवा. जुना निघाल्यावर सिलिंडरच्या नळीवर एक कडा दिसते, जिथपर्यंत तो बसलेला होता. ही खूण पुसायच्या आत मोजून ठेवा. नवा तिथपर्यंत गेला नाही तर तो बसलेलाच नाही, क्लॅम्प कितीही आवळा. मग नळी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने स्वच्छ करा.

नवा सायलेन्सर उलटा धरून हलवा. आतून वेल्डिंगचे मणी आणि लोखंडाचा चुरा पडतो. व्हर्नियरने त्याच्या तोंडाचा आतला व्यास आणि सिलिंडरच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजा. अर्धा मिलिमीटर सैल असेल तर क्लॅम्प सांभाळून घेतो. त्याहून सैल असेल तर पातळ पोलादी किंवा पितळी पट्टी गुंडाळा. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा या उष्णतेपुढे टिकत नाही. घट्ट असेल तर टर्नरकडून (लेथवाल्याकडून) तोंड मोठं करून घ्या.

आता खरी परीक्षा. तोंड खुणेपर्यंत सरकवा, क्लॅम्प सैल ठेवा आणि खालचा बोल्ट फक्त बोटांनी फिरवा. पाना हातात घ्यायचा नाही. बोटांनी शेवटपर्यंत गेला तर सायलेन्सर जुळलेला आहे. नाही गेला तर चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखा, कारण प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

पट्टी आणि केसिंग समांतर आहेत, पण मध्ये फट आहे, ही सर्वात सोपी. फटीच्या जाडीचा एकच पोलादी बुश (पोकळ नळकांडं) टर्नरकडून करून घ्या. पाच वॉशरची चळत लावू नका, ती थरथरीने बसत जाते आणि बोल्ट सैल होतो. बुशाच्या जाडीइतकाच बोल्ट लांब घ्या. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या निदान दीडपट आटे शिरायला हवेत, म्हणजे 8 मिलिमीटरच्या बोल्टला 12 मिलिमीटर.

भोक बाजूला सरकलेलं असेल तर 3 मिलिमीटरपर्यंत गोल कानशीने लांबट करा आणि वर जाड वॉशर द्या. त्याहून जास्त असेल तर कानस थांबवा. पट्टी कापून योग्य जागी पुन्हा जोडणं बरं.

तिसरी चूक सर्वात फसवी, पीळ. बोल्ट भोकात जातो, पण पट्टीचा एकच कोपरा केसिंगला टेकतो. आवळलं की सगळं सपाट दिसतं, आणि काही आठवड्यांत वेल्डिंगच्या कडेने बारीक चीर येते. पीळ पट्टीतच असेल तर सायलेन्सर काढून, पट्टी लाल होईपर्यंत तापवून वाकवा. इंजिनावर चढलेला असताना वाकवाल तर सगळा जोर सिलिंडरच्या नळीवर जाईल. पीळ नळीच्या वाकात असेल तर नळी सरळ भागात कापून घ्या. दोन्ही टोकं स्कूटरवर जागेवर बसवून बोल्ट हाताने लावा आणि नळीला वेल्डिंगचे तीन छोटे टाके मारून घ्या. मग काढून टेबलावर पूर्ण वेल्डिंग. टाके मारताना पेट्रोलची टाकी उतरवलेली, सीडीआयची (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीची) जोडणी सोडलेली आणि वेल्डिंगची अर्थ थेट सायलेन्सरला लावलेली हवी. अर्थ चेसीला लावली तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

वेल्डर निवडताना एकच विचारा, ‘सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूतलं वेल्डिंग) आहे का?’ पत्रा पातळ असतो, साध्या आर्क वेल्डिंगने त्याची चाळण होते. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या गाळ्यांना तोटा नाही. तिथे एक सल्ला मात्र हमखास मिळतो: ‘साहेब, चेसीला एक पट्टी मारून देतो, हलणारच नाही.’ ती अजिबात मारू देऊ नका. या स्कूटरचं इंजिन स्वतःच झुलतं, पुढे सायलेंट ब्लॉकवर (रबरी बुशांवर) आणि मागे शॉकॲब्सॉर्बरवर. सायलेन्सर इंजिनाबरोबर वर-खाली होतो, चेसी होत नाही. दोघांना बांधलंत तर पहिल्याच खड्ड्यात काहीतरी तुटेल. घोडबंदर रोडवर त्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

याच कारणाने अंतरं तपासण्याची पद्धतही ठरते. चाक आणि सायलेन्सर दोन्ही इंजिनावर, म्हणून त्यांच्यातलं अंतर ओझ्याने बदलत नाही. चाक हाताने फिरवा, टायरपासून सगळीकडे 10 मिलिमीटर मोकळे हवेत. पण मेन स्टँड चेसीला आहे. तिथलं अंतर दोन माणसं बसवून, खाली वाकून बघा. स्टँड वर-खाली करा, किक पूर्ण दाबा, मागच्या ब्रेकची केबल गरम भागाला टेकत नाही ना ते पाहा. सायलेंट ब्लॉक झिजून दबलेले असतील तर इंजिनच तिरकं असतं, तेव्हा चेसीला घासण्याचा दोष सायलेन्सरला देऊ नका.

अंतरं ठीक वाटली की जोडावर जास्त उष्णता सोसणारी सायलेन्सर पेस्ट लावा. लाल सिलिकॉन सिलिंडरच्या इतक्या जवळ जळून जातो. क्लॅम्प हलका पकडा, मग खालचा बोल्ट पूर्ण आवळा, शेवटी क्लॅम्प पूर्ण. पेस्ट वाळल्यावर गार इंजिनावर साबणाचं पाणी जोडावर टाका, शेपटीचं तोंड चिंधीने दाबा आणि किक मारा. बुडबुडे आले तर तिथून पुढे काळं तेल झिरपणार.

कार्ब्युरेटरमधला जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) बदलायचा का, हेही विचारता. मूळ डब्याची नक्कल असेल तर गरज नाही. एक्स्पान्शन चेंबर (ताकद वाढवणारा फुगीर सायलेन्सर) असेल तर मेन जेट मोठा घालून सुरुवात करा आणि प्लग बघत कमी करा. चॉकलेटी रंग हवा, पांढरट नको. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लग बघण्याचा प्रयोग घोडबंदरच्या ट्रकांमध्ये नाही, रविवारी एमआयडीसीच्या आतल्या रिकाम्या रस्त्यावर करा. पेट्रोलच्या लिटरला 20 मिली टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल तसंच ठेवा. आणि चेंबर फार कडाडत असेल तर आवाजाबद्दल दंड होऊ शकतो, हे धरून चाला.

पहिल्या 50 किलोमीटरनंतर, इंजिन गार असताना, दोन्ही जागा पुन्हा आवळा. बोल्ट तेव्हा पाव फेरा घेतो. त्याहून जास्त घेतला तर पट्टी काढून बघा, एखादा कोपरा अजून टेकतोय का.