छाटणीच्या वहीतली तारीख

निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय ५२. तोंडात फोड, डोळे लालभडक, छातीवर काळपट चट्टे, कातडी १० टक्क्यांहून कमी सुटलेली. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे बहुतेकदा औषधामुळे कातडी सुटत जाणारा गंभीर आजार. निदानात शंका नव्हती. आमच्या औषध-दुष्परिणाम नोंदणी केंद्रात आलेल्या फॉर्मवर मात्र संशयित औषध एकच होतं: डायक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल हे वेदनाशामक. का, तर ते सगळ्यात शेवटी घेतलेलं. ही घाई मला फार खटकते.

चेहऱ्याच्या कळांसाठी चालू असलेली कार्बामाझेपिन २०० मिलिग्रॅम 'इतर औषधे' या रकान्यात होती, तारखेविना. हा आजार नव्या औषधानंतर साधारण ४ दिवस ते ८ आठवड्यांत उद्भवतो. म्हणजे सुरुवातीच्या तारखेशिवाय फॉर्म निकामी. चिठ्ठी हरवलेली. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तारीख नाही सांगता यायची, पण प्लॉट पोंग्याला होता तेव्हा." पोंगा म्हणजे छाटणीनंतर डोळे फुटण्याची अवस्था. मग फवारणीची वही मागवली. बागायतदार दिवस छाटणीपासून मोजतात आणि वहीत सगळं येतं, दवाखान्याचा खर्चसुद्धा. कार्बामाझेपिन सुरू १२व्या दिवशी. ताप आणि डोळ्यांची आग ३१व्या दिवशी. वेदनाशामक ३२व्या दिवशी, चट्टे ३३व्या दिवशी.

म्हणजे ताप हीच आजाराची सुरुवात होती आणि वेदनाशामक त्या तापासाठी घेतलेलं. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्यासाठी असे अहवाल सांभाळणाऱ्या स्वीडनमधल्या उप्साला केंद्राच्या निकषांत दुसऱ्या औषधानेही घटनेचा उलगडा होत असेल तर 'शक्य' एवढंच लिहिता येतं. इथे वेदनाशामक बाद झालं, कार्बामाझेपिन थांबवल्यावर नवे फोड थांबले, म्हणून 'संभाव्य'. 'निश्चित'साठी औषध पुन्हा देऊन पाहण्याचा विचार या आजारात करायचाच नसतो.

असे अहवाल गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्रामार्फत उप्सालाच्या जागतिक साठ्यात जातात. १९६८ साली १० देशांनी सुरू केलेलं हे काम आहे. रुग्णाच्या नावाची फक्त आद्याक्षरं जातात, पण तारखा सगळ्या लागतात. २००४ साली तैवानच्या संशोधकांनी कार्बामाझेपिनच्या याच दुष्परिणामाचं एचएलए-बी*१५:०२ या जनुकप्रकाराशी नातं दाखवलं, तेही नेमकं औषध ठरलेल्या रुग्णांमुळेच.

बॅच क्रमांकाचा रकाना मात्र रिकामा गेला. मेडिकलवाले पाकीट कापून चार गोळ्या देतात आणि क्रमांकाची कड दुकानात राहते. बिल मागायची सवय आपल्याकडे नाही, द्यायची त्याहून नाही.

पहिला फॉर्म तसाच गेला असता तर कळा उठल्यावर त्यांना पुन्हा कार्बामाझेपिनच मिळाली असती. आता त्यांच्या खिशातल्या कार्डावर टाळायच्या औषधांची मराठीत चार नावं आहेत: कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन. या औषधांत एकाची प्रतिक्रिया दुसऱ्यालाही येऊ शकते. मुलाने कार्डाचा फोटो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला.