काळ्या डब्यांचे बिऱ्हाड

मे महिन्यातल्या एका दुपारी, जेवणे आटोपून सगळे घर पेंगत असताना, माजघरातल्या शोकेसच्या फळीला मी टेप लावली आणि तिची खोली १३ इंच भरली. मुंबईच्या पुतण्याने काकांच्या साठीनिमित्त पाठवलेला होम थिएटरचा संच खोक्यांसकट ओटीवर पडून होता. त्यातला मुख्य डबा, ज्याला तो रिसीव्हर म्हणतो, सुमारे १७ इंच रुंद आणि १५ इंच खोल आहे, आणि पाठीमागे वायरी खोचल्या की त्यांच्या वळणाला आणखी दोन-तीन इंच जागा लागते. म्हणजे फळी १८ इंचांची हवी. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो टीव्ही मात्र दोन बोटे जाडीचा. पडदा वर्षागणिक सडपातळ होत गेला आणि त्याच्या पदरचे डबे होते तेवढेच खोल राहिले, ही विसंगती ज्यांनी टीव्हीसाठी कपाट करून घेतले आहे त्यांना वेगळी सांगावी लागत नाही.

काचेच्या नळीच्या टीव्हीचे बरे होते. तो चौकोनी होता, जड होता, आणि जितका रुंद जवळजवळ तितकाच खोल होता, त्यामुळे सुताराने त्याच्या मापाचा एक खोल कप्पा करून दिला की काम संपत असे. पुढे पडद्याचे प्रमाण चारास तीनवरून सोळास नऊवर गेले आणि ते सगळे कप्पे एकाएकी पोरके झाले. आज आमच्या वाडीतल्या अनेक घरांत त्या कप्प्यांमध्ये स्टीलचे डबे, औषधांच्या पिशव्या आणि लग्नात आलेली, कधीही न लावलेली घड्याळे राहतात, आणि नवा टीव्ही भिंतीवर इतका उंच टांगलेला असतो की बातम्या पाहताना मान देवदर्शनाला गेल्यासारखी वर करावी लागते.

माझ्या माहेरी, वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत, पहिला टीव्ही शेजारच्या काकूंकडे आला. मुंबईला दूरदर्शनचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले असले, तरी आमच्या बाजूला चित्र दिसू लागायला पुढे बराच काळ जावा लागला. आणि देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले तरी काकूंचा टीव्ही कृष्णधवलच होता. त्याला स्वतःचे लाकडी घर होते. चार निमुळते पाय, दोन्ही बाजूंना सरकणारे पट्ट्यापट्ट्यांचे शटर आणि शटरला कुलूप. किल्ली काकूंच्या कमरेला, कोठीच्या किल्लीशेजारी. १९८७च्या जानेवारीत रविवार सकाळची ती मालिका सुरू झाली, जिचे नाव सांगण्याची गरज नाही, तेव्हा त्या माजघरात पाय ठेवायला जागा उरत नसे. पडवीत चपलांचा ढीग पडलेला असे, शेणाने सारवलेल्या जमिनीवर आम्ही मुले पुढे, बायका मधे, पुरुष दारात उभे. काकूंच्या सासूबाई टीव्हीला जास्वंदीचा हार घालत आणि निरांजन ओवाळत, पण ओवाळण्याआधी शटर उघडायचे की नंतर, यावर सासू-सुनेचे एकमत नसे. मालिका संपली की काकू उठत, शटर दोन्हीकडून ओढून घेत आणि कुलूप लावत. ते शटर मिटताना जो खडखडाट होई तो मला आजही ऐकू येतो, आणि मिटल्यावर तिथे टीव्ही आहे हे सांगूनही खरे वाटू नये इतके ते साधे कपाट होऊन जाई. आम्ही मुले थोडा वेळ त्या बंद लाकडाकडेच पाहत बसत असू.

माझा हट्ट बहुधा तिथूनच आलेला आहे. पाहणे संपले की यंत्राने दिसेनासे व्हावे, असे मला वाटते. माजघरात बसल्यावर समोर काळे डबे, त्यांचे निळे-तांबडे दिवे आणि वायरींचे जंजाळ असले की माझे लक्ष समोरच्या माणसाकडे लागत नाही. ह्यांचे म्हणणे बरोबर उलटे आहे. त्यांच्या मते चांगले यंत्र चांगल्या भांड्यांप्रमाणे मांडून ठेवावे आणि येणाऱ्याने ते पाहावे. आणि दुर्दैवाने शास्त्र त्यांच्या बाजूचे आहे. रिसीव्हर चालू असताना चांगलाच तापतो. त्याची उष्णता डोक्यावरच्या झरोक्यांतून बाहेर पडते, म्हणून वर निदान चार-सहा इंच मोकळी जागा आणि पाठीमागची बाजू उघडी लागते. बंद कपाटात तो गुदमरतो आणि आपण होऊन बंद पडतो. रिमोटचे किरण लाकडातून पलीकडे जात नाहीत. मधला स्पीकर, ज्यातून माणसांचे बोलणे येते, तो फळीच्या अगदी कडेला, पुढे ओढून ठेवावा लागतो, नाहीतर संवाद कपाटातच घुमतात. आणि तो ढोलासारखा वाजणारा सबवूफर तर कपाटात ठेवायचाच नाही, जमिनीवर ठेवायचा, कारण तो फळीवर असला की काचा, कड्या, बिजागऱ्या सगळेच त्याला साथ करू लागतात.

हे सगळे पुण्या-मुंबईकडच्या माणसाला पुरे. तिथे उघडी मांडणी आणली, डबे मांडले, संपले. इथे समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याची हवा घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर वर्षभर काम करत असते. तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो त्या चार महिन्यांत चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, तिथे यंत्राच्या आतल्या तांब्याच्या वाटांची काय कथा. पाली उबेला येतात, आणि बंद रिसीव्हरपेक्षा थोडा कोमट रिसीव्हर त्यांना अधिक आवडतो. मुंग्या स्विचबोर्डात घर करतात. पण सगळ्यांत चिकाटीची कुंभारीण माशी. जिथे बोटभर भोक सापडेल तिथे ती चिखलाचे घर बांधते. आमच्या जुन्या टीव्हीच्या मागच्या खाचेत तिने इतक्या नेटकेपणाने माती भरली होती की वायर आत का जात नाही हे बॅटरी लावून पाहिल्याशिवाय कळले नाही. म्हणजे यंत्राला मोकळे राहायचे आहे आणि कोकणाला त्याला मोकळे राहू द्यायचे नाही. कपाट मिटले पाहिजे आणि मिटूनही त्याला श्वास घेता आला पाहिजे, असा हा पेच.

तयार फर्निचरच्या दुकानात मी गेले नाही असे नाही. तिथे सगळे पातळ, चकचकीत आणि भुशाच्या फळीचे. भुसा दाबून केलेल्या त्या फळीला कडेने ओल लागली की ती फुगते, आणि एकदा फुगली की उन्हात कितीही ठेवा, ती पूर्वीच्या मापाला परत येत नाही. प्लायवूड घ्यायचे तर त्यावर छापलेला भारतीय मानकाचा आकडा पाहून घ्यावा: आयएस ३०३चा साधा, थोडीफार ओल सोसणारा, आणि आयएस ७१०चा मरीन, जो पाण्यालाही दाद देत नाही. इथे दुसराच हवा, विशेषतः जमिनीला टेकणाऱ्या भागात. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे, कारण साध्या लोखंडाचा गंज दोन पावसांत लाकडावर ओघळतो. पण माझे मन प्लायवर बसत नव्हते. मांगराच्या माळ्यावर सासऱ्यांनी कापून ठेवलेल्या फणसाच्या फळ्या होत्या. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षे गेली की तपकिरी-तांबूस होत जाते. जून गाभ्याला वाळवीही सहसा लागत नाही. दक्षिणेत मृदंगाचे खोड आणि तंजावूरची वीणा याच लाकडाची करतात, हे मी ह्यांना सांगितले, तेव्हा ह्यांनी प्रथमच माझ्या बाजूने मान डोलावली. वीणेचा आणि रिसीव्हर ठेवण्याच्या फळीचा परस्परांशी काहीही संबंध नाही हे मला ठाऊक होते, पण घरातल्या वादात एवढे चालते.

दारांचे मात्र ठरत नव्हते, आणि ते ठरले मागीलदारी. तिथे सासूबाईंचे जाळीचे कपाट उभे आहे, पूर्वी ज्यात दूधदुभते, उरलेली आमटी आणि मिठात मुरवलेल्या कैऱ्या असत. चारी बाजूंना बारीक तारेची जाळी, लाकडी चौकट, आणि पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाणी भरलेल्या वाट्या. फ्रिज आल्यापासून त्यात कोयते आणि खुरपी असतात. त्याच्याकडे पाहताना वाटले, मिटणारे आणि श्वास घेणारे कपाट या घरात केव्हाचेच आहे. जाळीतून वारा जातो, पाल जात नाही, कुंभारीण जात नाही, आणि लांबून पाहिले तर आतले स्पष्ट दिसतही नाही. दुपारच्या झोपेतून उठवून मी ह्यांना तिथे नेले. ह्यांनी रिमोट आणला, जाळीच्या आत त्या रिमोटवर चालणारा जुना रेडिओसंच ठेवला आणि बाहेरून कळ दाबली. किरण जाळीतून थोडे कमी का होईना, पण जातात. पुतण्याला फोन केला तेव्हा त्याने सांगितले की धातूच्या जाळीने वायफाय मात्र अडखळेल, तेव्हा आतल्या डब्याला वायरच जोडा. पायांखालच्या पाण्याच्या वाट्यांना त्याने साफ नकार दिला. विजेच्या सामानाखाली पाणी ठेवायचे नाही एवढे मलाही कळत होते, पण वाट्यांवाचून ते कपाट थोडे अपुरे दिसेल.

मग उंचीचा प्रश्न आला. पडद्याचा मध्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत यावा, हा साधा नियम. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४० इंचांवर असतात. आमचा टीव्ही ५५ इंचांचा, म्हणजे पडदा ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच. तो साडेसात फुटांवरून पाहावा, आणि त्याची खालची कड सव्वीस-सत्तावीस इंचांवर यावी. पण आमच्या घरी सोफा असला तरी पाहुणे आले की निम्मी माणसे चटईवरच बसतात, आणि मांडी घातलेल्या माणसाचे डोळे ३० इंचांच्या आसपास. त्यांच्या हिशेबाने पडद्याची कड सोळा-सतरा इंचांवर, म्हणजे मोठ्या चौरंगाच्या उंचीवर येते. दशावतारात बरे असते. रंगमंचावर एक लाकडी बाकडे असते. राजा आला की ते सिंहासन होते, ऋषी आले की आसन, आणि प्रेक्षक जत्रेत जमिनीवर बसलेले असोत की मागे उभे, कोणाची मान दुखल्याचे मी ऐकलेले नाही. रात्रभर चालणाऱ्या नाटकाला जेवढे सामान पुरते त्याहून अधिक सामान आम्हाला एका चित्रपटासाठी का लागावे, हा प्रश्न मी ह्यांना विचारला नाही, कारण संच आधीच घरात आलेला होता.

भिंत ठरवतानाही अडचण आलीच. माजघरातली ज्या भिंतीवर ऊन पडत नाही, जिच्यासमोर पुरेसे अंतर आहे आणि जिच्याजवळ विजेचे बटण आहे, तीच भिंत पिढ्यान्‌पिढ्या गणपतीची आहे. वर माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची मांडवी, बांधायचे हूक तिथेच आहेत. चतुर्थीला नारळ, कवंडळे, सुपारीची शिंपटी, आंब्याचे टाळे, कांगण्या सगळे तिथेच टांगले जाते. तेव्हा कपाट भिंतीला ठोकायचे नाही, त्याला चाके लावायची, आणि भाद्रपदात ते पडवीत ढकलायचे. चाकांचा दुसरा फायदा असा की, मेअखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की मागे हात घालून सगळे प्लग उपटावे लागतात, ते ओढून घेतलेल्या कपाटामागे सोपे पडते.

एवढे सगळे कागदावर काढून मेस्त्रींना बोलावले. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरला, फणसाच्या फळीवर नख ओढले आणि लाकूड उत्तम आहे असे सांगितले. जाळीच्या दारांना ते हसले, पण हो म्हणाले. मग त्यांनी टेप मिटवून एकच गोष्ट विचारली, "वैनीनू, बसान बघतल्यात काय लोळान?"

मी "बसून" म्हणाले आणि त्याच क्षणी हे "लोळून" म्हणाले. मेस्त्री आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. आधी तुमचे ठरवा, असे त्यांनी सांगितले. सध्या पावसाच्या आधी लोकांची छपरे पुरी करायची आहेत, पुढे पावसात लाकूड फुगते, तेव्हा आता चवथ झाल्यावरच बघूया, असे म्हणून ते चहा पिऊन गेले.

तोवर रिसीव्हर अंगणातून आणलेल्या दोन चिऱ्यांवर ठेवला आहे. चारी बाजूंनी मोकळा असल्याने तो तापत नाही, आवाज स्वच्छ येतो, आणि बंद करून निवला की मी त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकते. मग कपाटाची गरजच काय, असे ह्यांचे म्हणणे. कपाट हवेच.