वसईची घंटा, कृष्णेच्या घाटावर

वाईजवळच्या मेणवलीला, वसईहून आलेली घंटा बघायला जायचं असेल तर आधी वसईचा किल्ला बघून घ्या. बाबांना घेऊन मी लागोपाठच्या दोन शनिवारी ही दोन ठिकाणं केली, आणि क्रम हाच बरोबर असं मला मनापासून वाटतं.

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून किल्ल्याकडे बस किंवा रिक्षा मिळते. उजाडताच निघा, पाणी बरोबर घ्या, आत फार चालावं लागतं. पावसानंतर गवत कमरेइतकं वाढतं, तेव्हा बूट हवेतच. वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांचा पुतळा बघून लोक फोटो काढतात आणि परत फिरतात. तसं करू नका. सेंट जोसेफ चर्चपर्यंत जा. छप्पर केव्हाच गेलंय, पण मनोरा ताठ उभा आहे. खाली उभं राहून वर पाहिलं की कमानीतून नुसतं आभाळ दिसतं. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, पोर्तुगीजांना मानाने निघून जाऊ दिलं, आणि अशाच मनोऱ्यांतल्या घंटा विजयाची खूण म्हणून उतरवून नेल्या. ती रिकामी कमान डोळ्यांत ठेवून पुढच्या वाटेला लागा.

त्या घंटांमधली एक भीमाशंकरला शनीच्या देवळासमोर आहे, तिच्यावर १७२९ हे साल आहे. नाशिकची नारोशंकराची घंटाही वसईच्या विजयाचीच, पण ती उंचावर आहे, हात पोचत नाही. मेणवलीची मात्र अगदी जवळून बघता येते.

वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर. एसटीने वाईला उतरून रिक्षा करा. आधी नाना फडणवीसांचा वाडा नीट बघा, मग मागच्या बाजूने घाटावर उतरा. दगडी पायऱ्या कृष्णेच्या पात्रापर्यंत गेल्या आहेत. शेवाळ असतं, वयस्कर माणसांचा हात धरा. घाटावर दोन देवळं आहेत, आणि शंकराच्या देवळापाशी छोट्याशा दगडी मंडपात घंटा.

एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. अंग काळपट हिरवं, आणि त्यावर उठावात ओतलेली मेरी, कडेवर बाळ येशू. मी बोट फिरवून पाहिलं, वस्त्राची घडी न् घडी बोटाला लागते. जिंकून आणलेली वस्तू, दुसऱ्या धर्माच्या देवळात टांगलेली, आणि इतक्या वर्षांत त्या मूर्तीवर कुणी छिन्नी चालवली नाही. हा घाट नानांनी बांधलेला आणि त्यांचा जन्म १७४२ चा, म्हणजे घंटा इथे आली तीही वसई पडल्यावर बऱ्याच काळाने. तेव्हाही ती जशी होती तशीच टांगली गेली. पुतळ्यापुढे मला अभिमान वाटला होता, ते मी नाकारत नाही. इथे मात्र बराच वेळ काही बोलावंसं वाटेना. बाबांनी चपला काढल्या, मेरीच्या पायाशी हात लावला आणि तोच हात कपाळाला लावून "माउली" म्हणाले. मग शंकराच्या दर्शनाला गेले.

मंडपाच्या दगडावर काहींनी नावं खरवडली आहेत, ते पाहून जीव तुटतो. मुलं बरोबर असतील तर आधीच बजावून ठेवा. घंटेवर दगड आपटून आवाज काढणारेही भेटतात, त्यांना गोड बोलून थांबवा.

सकाळी नऊच्या आत पोचलात तर घाट शांत मिळतो. शनिवार-रविवारी दुपारी तिथे लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची रांग असते. वाडा खासगी आहे, तेव्हा उघडा आहे का ते वाईतच विचारून घ्या. वेळ उरला तर धोमचं नरसिंहाचं देऊळ त्याच रस्त्याला पुढे आहे. आम्ही मात्र गेलो नाही. बाबांना घाटावरच बसायचं होतं.