रेडा हसतो कशाला

आज सकाळी वैरण टाकायला गोठ्यात गेलो तर शेजारच्या काकांचा रेडा दावं तोडून आमच्यात आलेला, आणि म्हशीच्या मुताचा वास घेऊन मान वर, वरचा ओठ पार नाकावर दुमडलेला, एकदम स्टॅच्यू. वर पुढचे दात नाहीत (गाईम्हशींना ते नसतातच, तिथं नुसती कडक हिरडी असते) त्यामुळं बोळकं काढून हसतोय असंच वाटतं. पोरं खिदळायला लागली. आण्णा मात्र लगेच म्हणाले, "म्हस माजावर आलीया, डॉक्टरला फोन लाव." म्हणजे रेड्याला कळलं ते आण्णांना रेड्याकडं बघून कळलं, भारीच की!

यामागचं प्रकरण मला लय आवडतं. टाळूला पुढच्या बाजूला दोन बारीक भोकं असतात, ती वर नाकाच्या पडद्याशेजारच्या एका छोट्या नळीपर्यंत जातात, आणि ओठ असा दुमडला की मुताचे कण तिथं ओढले जातात. नेहमीच्या वासाचं नाक वेगळं आणि हे वेगळं, जवळजवळ दुसरं नाकच. लुडविग जेकबसन नावाच्या डॅनिश सर्जननं 1813 मध्ये याचं वर्णन छापलं म्हणून त्याचंच नाव पडलं. आमचे धनगर बोकडाचा ओठ बघून हे पिढ्यानपिढ्या ओळखतात, पण त्यांचं नाव कोण देणार म्हणा.

आणि खरी गंमत म्हणजे सापाची वळवळणारी जीभ पण ह्याच इंद्रियासाठी. आपल्या सांगली जिल्ह्यात नागपंचमी म्हटलं की शिराळा, तरी उसात धामण दिसली की अजून लोक "जीभ मारील" म्हणून पळतात. जिभेत विष नसतं ओ! तोंड न उघडता ओठाच्या खाचेतनं ती बाहेर येते, हवेतले, जमिनीवरचे कण गोळा करते आणि आत नेते. दोन टोकं का, तर डावीकडं वास जास्त का उजवीकडं ते कळावं, उंदीर कुठल्या बाजूला गेला ते त्यावरनं समजतं.

माणसात हे इंद्रिय नावापुरतंच उरलंय. मांजरात मात्र चांगलं शाबूत आहे, आमची मनी माझी चप्पल हुंगून तोंड वासून बसते ते किळस आल्यामुळं नाही, नीट वास घेत असते. आई अजून म्हणते, चप्पल धू.