व्हीलॅनची नोंद, तिसरा रविवार : कॅमेऱ्याला आयपी मिळेना

आज पहिल्यांदा घरातला कॅमेरा आणि माझी बॅकअपची पेटी एकमेकांना दिसत नाहीयेत, म्हणजे काम फत्ते!

आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, म्हणजे सेटिंग बदलता येणारा. त्यावर व्हीलॅन पाडलेत, म्हणजे एकाच स्विचवरची एकमेकांपासून वेगळी नेटवर्कं. व्हीलॅन १० घरच्यांचा, २० कॅमेरे आणि टीव्हीचा, ३० पाहुण्यांचा. पोर्ट १ मधून ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर) राउटरला एकच केबल, तिच्यावर हे तिन्ही टॅग्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर (डेटाच्या पुडक्यावर) व्हीलॅनचा नंबर. जुना व्हीलॅन १ तिथेच अनटॅग्ड (बिननंबराचा) ठेवलाय, कारण स्विचचं सेटिंगचं पान त्यावरच उघडतं.

दुपार खाल्ली ती पोर्ट ५ ने, म्हणजे कॅमेऱ्याच्या पोर्टने. कॅमेऱ्याला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळेना. केबल बदलली, कॅमेरा दोनदा बंद-चालू केला, शेवटी राउटरचा लॉग उघडला. तिथे डिस्कव्हर (पत्ता द्या), ऑफर (हा घ्या), परत डिस्कव्हर, परत ऑफर, असं पानभर. कॅमेऱ्याची हाक राउटरपर्यंत जात होती, उत्तर मात्र त्याच्या कानी पडत नव्हतं. आणि ऑफर १९२.१६८.१ मधली, म्हणजे व्हीलॅन १ च्या पत्त्यांतली, मला हवी होती २० मधली.

मग ट्यूब पेटली. पोर्ट ५ मी २० मध्ये अनटॅग्ड घातला, १ मधून काढला, पण त्याचा पीव्हीआयडी १ च राहिला होता. या स्विचवर ही दोन वेगळी पानं आहेत. मेंबरशिपच्या पानावर ठरतं, कुठल्या व्हीलॅनची फ्रेम या पोर्टमधून बाहेर पडेल. टॅगशिवाय आत आलेली फ्रेम कुठल्या व्हीलॅनची धरायची, ते पीव्हीआयडी सांगतो. कॅमेऱ्याला टॅगचा पत्ताच नाही, तो साधी फ्रेम पाठवतो. ती गेली व्हीलॅन १ मध्ये, उत्तरही आलं १ मध्येच, आणि पोर्ट ५ आता १ चा मेंबर नाही. पीव्हीआयडी २० केला, अर्ध्या मिनिटात आयपी आला. (एकच पान ठेवलं असतं तर कंपनीचं काय गेलं असतं?)

या आनंदात लॅपटॉपच्या पोर्टचा पीव्हीआयडी १० करून टाकला आणि सेटिंगचं पानच गायब. सुदैवाने सेव्ह दाबलं नव्हतं. स्विचचा प्लग काढून परत लावला, जुनं सेटिंग परत आलं. मागच्या रविवारी लाईट गेली तेव्हा याच सेव्हच्या विसरभोळेपणाने रडवलं होतं, म्हणून आज शिव्या मागे घेतल्या.

संध्याकाळी आई म्हणाली, "अरे, फोनवरचे फोटो टीव्हीवर जात नाहीत." खरंच की. फोन १० मध्ये, टीव्ही २० मध्ये. फोन टीव्हीला शोधतो एमडीएनएसने, म्हणजे २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर हाक मारून, आणि ती हाक राउटर ओलांडत नाही. त्यावर अवाही या सॉफ्टवेअरचा रिफ्लेक्टर (हाक दुसऱ्या व्हीलॅनमध्ये पोचवणारा) बसवायचाय, पुढच्या रविवारी. तोवर टीव्ही परत १० मध्ये. दोन्ही पानांवर.