एका शब्दापायी अकरा दिवस

ऑक्टोबर २०२५ चं कॅलेंडरचं पान मी अजून फाडलेलं नाही. दहा तारखेपासून वीस तारखेपर्यंत अकरा चौकटींत निळ्या पेनाच्या फुल्या आहेत. ते अकरा दिवस माझं फ्रीलान्सिंगचं खातं, म्हणजे घरबसल्या सुटी कामं मिळवून देणाऱ्या एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरचं खातं, बंद होतं. नियम मोडला म्हणून नाही, नियम पाळला म्हणून. परदेशी क्लायंटशी व्हॉइस कॉल, व्हिडिओ कॉल कसे करायचे हे दोन-तीन मैत्रिणी मला हल्ली विचारतात. सांगायला बसलं की गाडी या अकरा दिवसांपाशीच येऊन अडते, तेव्हा एकदाचं लिहूनच काढते.

मी कराडला राहते. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा ट्रेड केला, मग पुण्यात मॉड्युलर किचनच्या एका कारखान्यात नऊ वर्षं ड्रॉइंग काढली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही घरी परतलो. अमेरिकेतले छोटे कॅबिनेटवाले आपली शॉप ड्रॉइंग, म्हणजे कपाटं बनवायला लागणारी मापांसकटची ड्रॉइंग, बाहेरून करून घेतात, हे एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं. प्रोफाइल केलं, नमुने चढवले, अर्ज पाठवत राहिले. त्यात काही विशेष नाही.

९ ऑक्टोबरला, गुरुवारी रात्री, टेक्सासमधल्या एकाचा मेसेज आला. नमुने आवडलेत, एका घराचं पूर्ण स्वयंपाकघर करायचंय, शिवाय पँट्री आणि लाँड्रीची खोली. बोलून घेऊ, तुमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्या.

नियम मला पाठ होता. काँट्रॅक्ट होईपर्यंत फोन नंबर, ईमेल, बाहेरची लिंक काहीही द्यायचं नाही. बोलायचं ते प्लॅटफॉर्मच्याच मेसेजमध्ये कॉलचं बटण असतं, त्यावरून. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. प्लॅटफॉर्मला स्वतःचं कमिशन जपायचं असतं, पण त्यात आपलंही रक्षण आहे. फुकटात काम उरकून घेणारे, 'आधी थोडं डिपॉझिट भरा' म्हणणारे भामटे पहिल्या मेसेजलाच टेलिग्रामवर यायला सांगतात. तर मी त्या गृहस्थांना लिहिलं की नियमाप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येणार नाही, उद्या इथल्याच बटणावरून बोलू, तुमची सोयीची वेळ कळवा. पाठवलं आणि समाधानाने झोपले.

सकाळी उघडून बघते तर वर लाल पट्टी. तुमच्या खात्यावर निर्बंध आणले आहेत, प्लॅटफॉर्मबाहेर संपर्क करण्याबाबतच्या अटींचा भंग झाल्याचं दिसतं. मेसेज वाचता येईना, पाठवता येईना, कॉलचं बटण राखाडी.

मी दोनदा लॉगआउट करून पुन्हा आत गेले. मग मदतीच्या पानावर गेले. तिथे आधी चॅटमधला रोबोट येतो, तो चार पर्याय देतो, आणि चारही पर्याय मदतीच्या लेखांकडे घेऊन जातात. पाचव्या प्रयत्नाला तिकीट नोंदवायची जागा सापडली. मी सगळं नीट मांडलं. मी नंबर दिलेला नाही, उलट नाकारलाय, माझा मेसेज तुमच्याकडेच आहे, एकदा वाचून बघा. एवढंच मागणं होतं माझं. कुणीतरी तो मेसेज वाचा.

शनिवारी उत्तर आलं. सुरक्षिततेला आम्ही अत्यंत महत्त्व देतो, संयमाबद्दल आभार. रविवारी मी पुन्हा लिहिलं. सोमवारी तेच उत्तर आलं, शब्दन् शब्द तेच, फक्त खालचं नाव वेगळं. मंगळवारी तिसरं. तिन्ही उत्तरं मी शेजारी शेजारी लावून पाहिली, एका स्वल्पविरामाचाही फरक नव्हता. वाक्यात नुसता व्हॉट्सअ‍ॅप हा शब्द सापडल्यावर एखाद्या यंत्राने खूण केली असेल, तर ते मी समजू शकते. यंत्राला 'देते' आणि 'देणार नाही' यातला फरक कळला नसेल. पण तिकिटाला उत्तर देणाऱ्या माणसांना तो कळायला हवा होता. तीन माणसांच्या हाताखालून ते तिकीट गेलं आणि एकानेही दोन ओळींचा मेसेज उघडून बघितला नाही, याचा राग मला आजही येतो.

घरात फराळाची गडबड सुरू होती. भाजणी भाजता भाजता मी दर दहा मिनिटांनी हात पुसून फोन बघत होते. टेक्सासचे गृहस्थ काय समजत असतील, हाच विचार. त्यांच्या बाजूने मी 'उद्या बोलू' म्हणाले आणि गायब झाले. त्यांना कळवायला दुसरा मार्ग नव्हता, आणि असता तरी तो वापरणं म्हणजे नियम खरोखर मोडणं झालं असतं.

बुधवारी चौथं उत्तर आलं, ते जरा वेगळं होतं. व्हिडिओ कॉलवर ओळख पटवा, मग खात्याचा पुन्हा विचार होईल. वेळ निवडायला दिली होती, ती सगळी आपल्याकडची रात्रीची. शुक्रवारी रात्री साडेबाराची मिळाली. त्या दिवशी वसुबारस होती.

ही तपासणी बहुतेकांना कधी ना कधी करावी लागते, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते. मी आधार कार्ड घेऊन बसले. माझं कार्ड लॅमिनेट केलेलं. समोरच्या बाईंनी कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं आणि त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडला. नाव नेमकं त्या पट्ट्याखाली. तिरपं केलं तर फोटो झाकला जाई, मागे नेलं तर अक्षरं धूसर होत. ट्यूबलाइट बंद करून टेबल लॅम्प लावला तर पट्ट्याऐवजी गोळा दिसायला लागला. शिवाय माझ्या स्क्रीनवर अक्षरं उलटी दिसत होती, आरशात दिसतात तशी. त्याने मी आणखी घाबरले. ती फक्त आपल्याला उलटी दिसतात, समोर सुलटी जातात, हे मला नंतर कळलं. बाई म्हणाल्या, दिसलं नाही तर नवी वेळ घ्यावी लागेल. माझे हात थरथरायला लागले.

सासूबाईंना गुडघ्यामुळे झोप लागत नाही, त्या पलंगावर जाग्याच होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तो दिवा भिंतीकडे कर की, माझ्या डोळ्यांवर येतोय." मी लॅम्पची मान भिंतीकडे वळवली. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून मऊ उजेड परत आला, आणि कार्डावरचं नाव, जन्मतारीख, फोटो, सगळं एका क्षणात लख्ख दिसलं. बाई म्हणाल्या, धन्यवाद, झालं. सगळं मिळून सहा मिनिटांचं काम. तेव्हापासून मी क्लायंटच्या कॉललाही दिवा तसाच लावते. चेहऱ्यावर थेट उजेड नाही, मागे खिडकी नाही, समोर पांढरी भिंत.

ओळख शुक्रवारी पटली, खातं सुरू झालं सोमवारी, नरकचतुर्दशीला. पहाटे अभ्यंगस्नान उरकून फोन घेतला तर लाल पट्टी गेलेली. सोबत एक ओळ, तुमचे निर्बंध हटवले आहेत. चूक कुणाची होती, का झाली, याबद्दल अक्षर नाही. टेक्सासचे तीन मेसेज पडून होते. पहिला, शुक्रवारी माझे आठ वाजता चालेल का. दुसरा, तुम्ही आहात ना. तिसरा, मी दुसऱ्या कुणाला तरी काम दिलं, शुभेच्छा. घरात फटाक्यांचा आवाज चालू होता आणि मी ओल्या केसांनी ते तीन मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं, जे खरं तर सुरुवातीलाच यायला हवं होतं. पहिला अर्ज पाठवायच्या आधी ओळखीची तपासणी उरकता येते का ते बघा, आणि येत असेल तर उरकून टाका. प्रोफाइलवरचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षराअक्षराने एक ठेवा. लग्नानंतर आपल्याकडे आधारवर एक नाव, पॅनवर दुसरं असं राहून जातं, ते आधी सरळ करा. क्लायंट वाट बघत असताना हे निस्तरणं फार जीवघेणं होतं.

पुढचं काम आठवड्याभरात मिळालं, ओहायो राज्यातल्या कोलंबसचं. २७ ऑक्टोबरला संध्याकाळी साडेसहाला कॉल. त्यांच्याकडे सकाळचे नऊ. माझं इंग्रजी कारखान्यातलं, मापांचं आणि मालाचं. भीती वाटत होती. पण कामाच्या कॉलवर बोलणं मापांचंच असतं, आणि माप मला येतं. त्यांचं खालचं कॅबिनेट साडेचौतीस इंच उंच, चोवीस इंच खोल, वर दीड इंचाचा ओटा धरून छत्तीस. मी पुण्यात सगळं मिलिमीटरमध्ये केलेलं, तेव्हा आदल्या दोन दिवसांत इंचांचे सोळांश भाग तोंडपाठ केले. सुरुवातीला मी त्यांना सर म्हणत होते. ते म्हणाले, नावानेच हाक मारा. ते काही जमलं नाही, मग मी कुठलंच संबोधन न वापरता बोलायला लागले, तेही चालतं.

घोटाळा होता होता राहिला तो एका कपाटाच्या रुंदीवर. मला ऐकू आलं फिफ्टी. पन्नास इंच रुंद भांड्याचं कपाट कसं असेल? मी थांबवून विचारलं, वन-फाइव्ह की फाइव्ह-झिरो? वन-फाइव्ह. तेव्हापासून प्रत्येक आकडा मी एकेक अंक करून परत म्हणते, आणि कॉल संपल्यावर लगेच, चहासुद्धा न घेता, मेसेजमध्ये लिहून पाठवते. आज ठरलेली मापं ही, लाकूड हे, पहिला हप्ता या तारखेला, काही चुकलं असेल तर कळवा. कॉलवरचं बोलणं हवेत राहतं, मेसेजमधलं पुढे वाद झाला तर दाखवता येतं. हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते.

यंत्राचं थोडक्यात. ब्लूटूथचे हेडफोन मी सोडून दिले. त्यांचा माइक सुरू झाला की कानात येणारा आवाज जुन्या फोनसारखा दबका होतो, आणि परदेशी उच्चार कळायला तर स्वच्छ आवाज लागतो. साधे वायरचे घ्या. माझा आवाज पलीकडे जात नाही असं एकदा झालं, तेव्हा ब्राउझरमध्ये माइकला परवानगी होती पण विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली बंद होती. दोन्हीकडे बघावं लागतं. ड्रॉइंग दाखवताना पूर्ण स्क्रीन शेअर न करता फक्त ती खिडकी शेअर करा, नाहीतर घरच्यांचे मेसेज क्लायंटसमोर उघडतात. आणि घरी इन्व्हर्टर असला तरी राउटरला वेगळा छोटा यूपीएस लावा. लाइट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायला निमिषभर लागतो, तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि कॉल तुटतो.

वेळेचं मात्र नीट समजून घ्या. ३ नोव्हेंबरला ठरल्याप्रमाणे साडेसहाला बसले. कुणी आलं नाही. पावणेसात, सात. टेक्सास आठवून पोटात गोळा आला, वाटलं हेही गेले. साडेसात वाजता ते हसतमुखाने हजर. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. त्यांचे नऊ ते नऊच, बदलतात ते आपले. ब्रिटनमध्ये हाच बदल ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो, त्यामुळे दोन्हीकडचे क्लायंट असतील तर मधले आठवडे वेगळाच हिशेब लागतो. अ‍ॅरिझोनात बहुतेक ठिकाणी घड्याळ हलवतच नाहीत. वेळ ठरवताना मी आता त्यांच्या गावचं नाव घालून लिहिते, कोलंबसचे सकाळी नऊ, भारतातले संध्याकाळी साडेसात.

कोलंबसचं काम अजून चालू आहे, चौथं घर. काँट्रॅक्ट झाल्यावर नंबर देता येतो, त्यांनी मागितलाही. मी म्हटलं, इथेच बरं. नव्या क्लायंटने कुठलंही बाहेरचं अ‍ॅप सुचवलं की मी त्याचं नाव नाकारण्यासाठीसुद्धा लिहीत नाही. एकच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, तेच पाठवते: मी या पानावरच्या कॉलच्या बटणावरून बोलेन, तुमच्या गावची वेळ सांगा.